डोक्यावरची होडी

वाहनांचे मूळ प्रकार दोन. एक, ज्यावर माणूस बसतो. आणि दुसरा, जे माणसावर बसतं. आमच्या तरुणपणची स्कूटर दोन्ही प्रकारांत मोडत असे, पण तिला ढकलत घरी आणण्याचा योग महिन्यातून एखाद-दोनदाच यायचा. जगाच्या इतिहासात मात्र एक वाहन असं आहे, की ते निवडताना "किती जण बसतील?" याच्याही आधी "कोण उचलणार?" हा प्रश्न विचारावा लागतो. त्या वाहनाचं नाव कनू. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, आणि पुढे तोंड करून वल्हवायची हलकी होडी.

माझा भाचा टोरांटोला असतो. एका रविवारी त्याचा फोन आला, "मामा, आम्ही कनू घ्यायचं ठरवतोय." माझ्या ओळखीत कनू म्हणजे आमच्या चाळीतले कनूभाई. मला क्षणभर वाटलं, हा दत्तकविधानाबद्दल बोलतोय. मग उलगडा झाला. पुढे म्हणाला, "तू एवढी वर्षं इतिहास शिकवलास. जरा वाचून सांग ना, कुठली घेऊ?"

"इतिहासाच्या मास्तरांना होडीतलं काय कळतंय?" असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी पलीकडच्या खोलीतून, पण फोनवर ऐकू जाईल अशा बेताने विचारला. मी तिकडे दुर्लक्ष केलं. इतिहासाच्या मास्तराला कोणी न विचारता सांगायची सवय असते. इथे तर चक्क विचारलं होतं. मी वाचायला बसलो तो थेट सुरुवातीपासून.

सुरुवात अर्थात ओंडक्याची. कोलंबस १४९२ साली कॅरिबियन बेटांवर उतरला, तेव्हा तिथले तैनो लोक ओंडके कोरून केलेल्या होड्यांतून हिंडत होते. त्या होडीला ते 'कनोआ' म्हणत. तो शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला आणि फिरत फिरत तो इंग्रजीत 'कनू' झाला. पाहुण्यांनी त्या यजमानांचं पुढे आणखी काय काय उचललं, तो हिशेब फार मोठा आणि फार दुःखाचा आहे. शब्द तेवढा शाबूत राहिला.

ओंडक्याची होडी मात्र कोलंबसाहून कितीतरी जुनी. नेदरलँड्समध्ये पेसे नावाच्या गावाजवळ १९५५ साली रस्ता बांधताना अशी एक सापडली. पाइनच्या ओंडक्यातून कोरलेली, लांबी जेमतेम तीन मीटर, आणि वय सुमारे दहा हजार वर्षं! ती आज आस्सेनच्या संग्रहालयात आहे. काही जाणकारांनी शंका काढली की, ही होडी कशावरून? जनावरांना चारा-पाणी द्यायची डोण असेल! म्हणून २००१ साली तशीच दुसरी कोरली आणि ती पाण्यात वल्हवून दाखवली. या वादात मराठी माणसाने पडू नये. आपल्याकडे गुरांची ती डोण आणि पाण्यातली ती डोणी, असा फक्त एका वेलांटीचा फरक आहे.

ओंडक्याच्या होडीत दोष एकच. ती पाण्याबाहेर काढली की पुन्हा ओंडका होते. आणि उत्तर अमेरिकेत, विशेषतः आज जिथे कॅनडा आहे तिथे, होडी पाण्याबाहेर काढल्यावाचून गत्यंतर नाही. भरलेली कळशी घेऊन जिना चढताना पायरीपायरीवर पाणी सांडावं, तशी त्या मुलखात तळी सांडलेली आहेत. एक तळं संपलं की मध्ये मैलभर जंगल, मग दुसरं तळं. नद्या आहेत, पण त्या धबधबे आणि खडकांवरून धावणारे ओढे यांच्यामधून वेळ काढून वाहतात. अशा ठिकाणी होडी उचलून पुढच्या पाण्यापर्यंत चालत जायचं, याला 'पोर्टेज' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ सरळ 'वाहून नेणं'.

हा प्रश्न तिथल्या अल्गोंक्विन, ओजिब्वे, क्री वगैरे लोकांनी ज्या तऱ्हेने सोडवला, ती पाहिली की इंजिनियर मंडळींनी हात जोडावेत. त्यांनी झाड कोरायचं सोडून झाडाची साल घेतली. बर्च वृक्षाची साल जाड कागदासारखी सोलून निघते. तिची पांढरी बाजू होडीच्या आत आणि तपकिरी बाजू बाहेर, पाण्याकडे. आतून सीडर लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि वाकवलेल्या बरगड्या. शिवण स्प्रूसच्या चिरलेल्या मुळ्यांची, आणि सांधे बुजवायला त्याच झाडाचा डिंक, चरबी आणि कोळशाची पूड घालून मळलेला. खिळा एकही नाही. मुळ्या खणणं, सालीला टाके घालणं, डिंक भरणं ही कामं बहुतेक बायकांची. म्हणजे होडीवर बसून शिकारीला निघायचा तो पुरुष. ती बुडू नये याची व्यवस्था बाईची. संसाराची ही पद्धत सर्व खंडांत सारखीच दिसते.

आणि दुरुस्ती? खडकावर आपटून होडी फाटली, तर काठावर उतरायचं, सालीचा तुकडा काढायचा, मुळीने शिवायचा, डिंक तापवून थापायचा. जंगलात जिकडे जाल तिकडे सुट्या भागांचं दुकान उघडंच. तेव्हा कनूचा पहिला नियम असा की, जी एकट्यादुकट्याला उचलता येते आणि रस्त्यात दुरुस्त करता येते, ती चांगली.

इथवर सगळं ठीक होतं. मग मध्ये टोपी आली.

युरोपातल्या सभ्य गृहस्थांना बीव्हर या प्राण्याच्या लोकरीपासून केलेल्या नमद्याच्या टोप्या हव्या होत्या. इकडचे बीव्हर बरेचसे टोप्यांतच संपले होते, तिकडे भरपूर होते. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने २ मे १६७० रोजी हडसन्स बे कंपनीला सनद दिली आणि हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख तिच्या नावे करून टाकला. राजाने तो मुलूख कधी पाहिलेला नव्हता, आणि ज्यांचा होता त्यांना विचारलेलं नव्हतं. ही पद्धत आपल्याला नवी नाही. आपल्याकडेही लंडनची एक कंपनी अशीच आली होती. पुढे माँट्रियलच्या व्यापाऱ्यांनी नॉर्थ वेस्ट कंपनी काढली, आणि दोन कंपन्यांची चढाओढ सुरू झाली. या सगळ्या व्यापाराचा मालट्रक कुठला, तर सालीची कनू!

तिचे दोन नमुने झाले. माँट्रियलहून मोठ्या तळ्यांवरून निघणारी सुमारे ३६ फुटांची, तीन-साडेतीन टन ओझं घेणारी. आणि आतल्या अरुंद नद्यांसाठी सुमारे २५ फुटांची. वसंतात बर्फ वितळलं की मोठ्या कनू निघत, जुलैत सुपीरियर सरोवराच्या काठी ग्रँड पोर्टेजला पोहोचत. तिकडून आतल्या मुलखातले लोक कातडी घेऊन येत. मालाची अदलाबदल, चार दिवस नाचगाणी, आणि पाणी गोठायच्या आत दोघेही परत.

या होड्या वल्हवणारे बहुतेक फ्रेंच भाषिक कॅनडियन. त्यांना 'व्हॉयाजर' म्हणत. नोकरीला उंच माणूस नको असे, कारण त्याचे पाय मालाची जागा खातात. दिवसाला चौदा-चौदा तास वल्हं मारायचं, आणि ताल चुकू नये म्हणून गाणी म्हणायची. मधून मधून चिलमीपुरती विश्रांती. त्यामुळे अंतरही चिलमीत मोजत. तळं केवढं? तर तीन चिलमींचं! आपल्याकडे खेड्यात "एक विडी ओढेस्तोवर पोचाल" असं सांगतात, आणि पाच मैल चालवतात, त्यातलाच हा प्रकार.

खरी परीक्षा पोर्टेजला. मालाचं एकेक गाठोडं ९० पौंडांचं, आणि नेहमीचा रिवाज एका खेपेला दोन गाठोडी. म्हणजे ८० किलोंच्या वर. कातड्याचा एक पट्टा कपाळावर घ्यायचा, गाठोडी पाठीवर टाकायची, आणि वाकून जवळजवळ पळत सुटायचं. ग्रँड पोर्टेजचा हा रस्ता साडेआठ मैलांचा होता. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपले माथाडी कामगार आले. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी; पण त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा तरी झाला. व्हॉयाजरला कायदा नव्हता. त्याला बहुधा पोहताही येत नसे. मरण यायचं ते पाण्यात, नाहीतर ओझ्याखाली हर्नियाने. धोक्याच्या पाण्याजवळ काठावर लाकडी क्रूस उभे असत. त्यांवरून पुढच्यांना कळायचं की इथे जपून.

आणि हे सगळं लंडनच्या कोणा गृहस्थाला रस्त्यात ओळखीच्या बाईपुढे टोपी उचलता यावी म्हणून!

१७९३ साली अलेक्झांडर मॅकेंझी अशाच एका २५ फुटी कनूतून, नऊ माणसं आणि एक कुत्रा घेऊन, पश्चिमेच्या समुद्राकडे निघाला. वाटेत होडी खूप आपटली आणि तिला खूप ठिगळं लागली. शेवटी पाण्याची वाट सोडून मंडळी चालत निघाली. वाट दाखवली ती तिथल्याच लोकांनी, त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायवाटेने. समुद्राकाठी पोहोचल्यावर मॅकेंझीने शेंदरी रंग चरबीत कालवून खडकावर स्वतःचं नाव आणि २२ जुलै ही तारीख लिहिली. तो खडक आज ऐतिहासिक स्थळ आहे. ही गोष्ट सिंहगडावर नावं लिहिणाऱ्या पोरांच्या कानावर जाऊ नये. वाट दाखवणाऱ्यांची नावं मात्र खडकावर नाहीत.

१८२१ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि जॉर्ज सिंप्सन हे गृहस्थ साहेब झाले. १८२८ साली ते कनूने खंड ओलांडायला निघाले, ते सोबत बॅगपाइप वाजवणारा घेऊन. कंपनीचं ठाणं जवळ आलं की होड्या काठाला लावायच्या, सगळ्यांनी चांगले कपडे चढवायचे, निशाण फडकवायचं आणि मग वाजतगाजत प्रवेश करायचा. वरातीत घोडा असतो त्या जागी कनू, एवढाच फरक. साहेब अर्थातच मधे बसत. वल्ह्याला हात लावत नसत.

मधे बसण्याचा हा मान मलाही मिळाला आहे. भाच्याने होडी विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन बघायचं ठरवलं, त्या उन्हाळ्यात आम्ही तिकडेच होतो. ऑन्टॅरिओमध्ये अल्गोंक्विन पार्क नावाचं १८९३ सालापासून राखलेलं मोठं जंगल आहे. तिथे भाचेसून पुढे, भाचा मागे, आणि मधे मी आणि डब्यातल्या दशम्या. "मामा, तुम्ही नुसते बसून राहा, हलू नका," असं भाचेसुनेने मला आदरपूर्वक सांगितलं. गाठोड्यांनाही यापेक्षा निराळी सूचना देत नसावेत.

थोड्याच वेळात नवराबायकोत वाद सुरू झाला, की चालवतंय कोण? मागे बसणारा म्हणतो, दिशा मी देतो. वल्हं ओढून झालं की शेवटी ते किंचित बाहेर वळवायचं, म्हणजे होडी सरळ राहते, ही मागच्याची कला. पुढे बसणारी म्हणते, खडक मला दिसतो. इथे इतिहास कामाला आला. मी सांगितलं, व्हॉयाजरांमध्ये पुढच्या आणि मागच्या, दोघांनाही मधल्या लोकांपेक्षा जास्त पगार असे. आणि खवळलेल्या पाण्यात शब्द पुढच्याचा. भाचेसून प्रसन्न झाली. भाचा म्हणाला, "मामा, तू मधे बोलू नकोस. मधल्यांना पगार कमी असतो."

मग पोर्टेज आलं. भाच्याने होडी उलटी करून खांद्यांवर घेतली. तिच्या मध्यावर खांद्यांना बसेल असं घडवलेलं एक आडवं लाकूड असतं. त्याला इंग्रजीत 'योक' म्हणतात. म्हणजे आपलं चक्क जू! शिकूनसवरून, विमानाने सातासमुद्रापलीकडे जाऊन, शेवटी मानेवर जू आलंच. पण लांबून बघताना मोठी गंमत वाटली. झाडीतून दोन पाय असलेली एक होडी चालत होती.

हे असं का झालं, याचंही मला नवल वाटतं. व्यापारातून कनू हळूहळू गेली. अवजड लाकडी यॉर्क बोटींत माल जास्त मावू लागला, टोप्या रेशमाच्या झाल्या, मग रेल्वे आली. आणि जे काम लोक पोटासाठी रडत करत होते, ते लोक पैसे भरून, रजा काढून, हसत करू लागले. पण पहिला नियम सुटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मेन राज्यात सालीऐवजी रंगवलेलं जाड कापड आलं. आतली सीडरची बांधणी तीच, पेनॉब्स्कॉट लोकांच्या होडीवरून आलेली. १९४४ साली ग्रमन या विमानांच्या कंपनीतले विल्यम हॉफमन सुटीत अशी होडी वाहून थकले. त्यांच्या मनात आलं, लढाऊ विमानाच्या पत्र्याची होडी का नको? पुढच्याच वर्षी अॅल्युमिनियमची कनू तयार झाली. महायुद्धातून निघालेल्या वस्तूंत इतकी निरुपद्रवी दुसरी नसेल. फक्त ती खडकाला घासली की भांडी घासल्याचा आवाज येतो, आणि चिकटते. पुढे प्लास्टिक आलं. ते दणकट आणि स्वस्त, पण जड. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या बाईंनी केव्हलरचा धागा शोधला, आणि सतरा फुटी होडी वीस किलोंच्या आसपास आली. पण हिशेब असा, की वजन जितकं कमी तितके पैसे जास्त. जे घेतलं नाही त्याचीच किंमत!

तेव्हा भाच्याला मी जे लिहून पाठवलं ते थोडक्यात असं. तळ्यांवरून लांब जायचं, सामान न्यायचं, तर लांब होडी घे. ती सरळ धावते. खडकाळ नदीत वळायचं, तर आखूड आणि दोन्ही टोकांकडे तळ जरा उचललेला, केळ्यासारखा. तळाला बाहेरून पट्टी असेल तर ती तळ्यात उपयोगी, नदीत खडकाला अडते. अगदी सपाट तळाची होडी दुकानात उभं राहून पाहिली की स्थिर वाटते, पण लाटेत तिरकी झाली की दगा देते. किंचित गोलसर तळाची आधी डुगडुगते, मग सांभाळून घेते. माणसांतही हे दोन्ही नमुने आढळतात. सोयरीक जमवताना हाच निकष लावावा.

आणि नदीच्या उलट जायचं असेल, तर वल्हं ठेव आणि काठी घे. बारा फुटांची, टोकाला लोखंड बसवलेली. होडीत उभं राहायचं, काठी तळाला रोवायची आणि तिच्यावर हात चढवत होडी पुढे रेटायची. प्रवाहाकडचं टोक हलकं ठेवायचं, नाहीतर पाणी होडीला आडवं फिरवतं. मेनच्या वाटाड्यांनी या विद्येत नाव काढलं.

हे वाचताना मात्र माझी मान आपोआप कोकणाकडे वळली. माझ्या आजोळी खाडीवर तर होती. तरीवाला असाच उभा राहून बांबू रोवायचा. भरती-ओहोटी, चिखल कुठे, खडप कुठे, हे त्याला तळपायांतून कळायचं. आम्ही पोरं विचारायचो, "काका, कसं कळतं?" तो म्हणायचा, "बांबूक इचार." पुढे पूल झाला. पूल हवाच होता. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली की तरीवर काय गत व्हायची, ते माझ्या आजीला विचारायला हवं होतं. पण तर बंद पडली, आणि त्या बांबूवर बरीच वर्षं कपडे वाळत होते. बांबूला जे कळत होतं ते कोणी लिहून घेतलं नाही.

सालीच्या होडीचं नशीब थोडं बरं. टॅपन अॅडनी नावाच्या गृहस्थाने न्यू ब्रन्सविकमध्ये एका मूळनिवासी कारागिराजवळ बसून ती शिकून घेतली, आणि आयुष्यभरात शंभराहून अधिक लहान नमुने करून ठेवले. १९७१ साली कॅनडात एक चित्रपट निघाला. सेझार नेवाशिश नावाचा सदुसष्ट वर्षांचा अतिकामेक म्हातारा झाडापासून होडी बनवतो, एवढीच त्याची गोष्ट. त्यात निवेदन नाही. हात बोलतात. त्या देशाच्या सरकारने कैक पिढ्या मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून वसतिशाळांत कोंबलं होतं, भाषा आणि हातातली विद्या दोन्ही विसरावी म्हणून. तरीही जुन्या हातांनी जे राखलं, त्यावर आज नवे हात पुन्हा होड्या बांधतात.

आणि त्या वाहणाऱ्यांचं काय? कॅनडाने १९३५ साली चांदीचा डॉलर पाडला, त्यावर कनू आली. कनूत एक व्हॉयाजर, एक मूळनिवासी माणूस आणि कातड्यांची गाठोडी. मधला साहेब नाही. मला हे नाणं फार आवडतं. हेच चित्र १९८७ च्या नव्या डॉलरवरही यायचं होतं. त्याचे साचे १९८६ साली ओटावाहून विनिपेगच्या टांकसाळीकडे पाठवले, आणि ते वाटेत हरवले! ते आजवर सापडलेले नाहीत. शेवटी नाण्यावर एक पक्षी बसवून वेळ निभावून न्यावी लागली.

ज्यांनी नव्वद-नव्वद पौंडांची गाठोडी शे-दीडशे वर्षं त्याच मुलखातून, धबधबे चुकवत, कपाळाच्या पट्ट्यावर मुक्कामी पोहोचवली, त्यांचं स्वतःचं चित्र विमानांच्या काळात विनिपेगपर्यंत पोहोचू शकलं नाही. एखाद्या व्हॉयाजराला ते कळलं असतं, तर त्याने एक चिलीम भरली असती, आणि म्हणाला असता, "द्यायचं होतं आमच्याकडे."